पार्श्वभूमी : ‘पाठिंबा’ म्हणायचं की ‘आवाहन’?

निवडणूक जाहीर झाली की आठ-दहा दिवसांत एक पत्रक फिरायला लागतं. वर राज्यघटनेच्या उद्देशिकेतली ओळ, मध्ये महागाई, बेरोजगारी आणि शेतमालाचे भाव, खाली पंधरा-वीस संघटनांची नावं. शेवटच्या परिच्छेदात ते ठरलेलं वाक्य येतंच : ‘संविधानविरोधी शक्तींचा पराभव करू शकणाऱ्या उमेदवारास मतदान करावे, असे आम्ही आवाहन करीत आहोत.’ उमेदवाराचं नाव मात्र कुठेच नसतं. ज्या मतदारसंघात तीन जण ‘तो मीच’ म्हणत फिरताहेत, तिथल्या मतदारानं काय करायचं हे पत्रक सांगत नाही. चळवळीतली, पक्षाचं सभासदत्व नसलेली माणसं पुरोगामी उमेदवारांसाठी अनेक वर्षं राबत आली आहेत. त्यांच्या तोंडी हे आडवळणाचं वाक्य कसं आलं, ते पाहायचं तर थोडं मागे जावं लागतं.

फार मागे जाण्याची गरज नाही. १९५७ची विधानसभा निवडणूक संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर लढली गेली आणि संयुक्त महाराष्ट्र समितीचे उमेदवार शाहिरांनी, गिरणी कामगारांनी आणि शाळामास्तरांनी खांद्यावर घेतले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. कमी आठवलं जातं ते असं की निवडणूक आयोगाच्या निकालपत्रकातल्या पक्षांच्या यादीत ‘समिती’ सापडतच नाही. मुंबई राज्याच्या ३९६ जागांच्या त्या हिशेबात काँग्रेस २३४, प्रजा समाजवादी ३६, शेकाप ३१, कम्युनिस्ट १३ अशी ओळ आहे आणि बरेच अपक्ष आहेत. चिन्हं वेगवेगळी होती : कुठे झोपडी, कुठे विळा-कणीस. प्रचार करणाऱ्यांना त्याचं काही वाटलं नाही. मागणी एक होती आणि माणूस कोण ते गावाला माहीत होतं. दहा वर्षांनी दक्षिण मुंबईत एका तरुण कामगार पुढाऱ्यानं काँग्रेसच्या बड्या नेत्याला पाडलं, तेव्हाही भिंतीवर नाव स्पष्ट होतं. कोणाला पाडायचं तेही, कोणाला निवडायचं तेही.

१९७७चं मी ऐकून लिहितोय, पण इतक्यांदा ऐकलंय की पाहिल्यासारखंच वाटतं. १८ जानेवारीला निवडणुकीची घोषणा झाली, मतदान १६ मार्चपासून. हातात दोन महिनेही नव्हते, उमेदवारांपैकी काही आणीबाणीतल्या तुरुंगवासातून नुकते सुटलेले, जनता पक्ष नुकताच जन्मलेला आणि चिन्ह दुसऱ्या पक्षाकडून घेतलेलं : चक्रातला नांगरधारी शेतकरी. आमच्या घरी मैद्याची खळ रोज रात्री पितळी पातेल्यात शिजायची आणि सकाळी त्याच पातेल्यात चहा नको म्हणून आजी कटकट करायची. साहित्यिक व्यासपीठावर उतरले, कधी कुणासाठी मत न मागणारे प्राध्यापक सायकलला कर्णा बांधून फिरले. मुंबईच्या सहाही जागा काँग्रेसच्या हातून गेल्या. ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही मृणाल गोरे आणि इंदिरा गांधींवरची घोषणा त्या निकालानंतरची, अजूनही टिकून आहे.

पण १९७७च्या आधी दोन-तीन वर्षं एक शब्द आला होता, तो आपल्या गोष्टीत महत्त्वाचा. लोकउमेदवार. जयप्रकाश नारायणांच्या बिहार आंदोलनात कल्पना निघाली की उमेदवार पक्षाच्या तिकीट समितीनं नव्हे, लोकांच्या संघर्ष समित्यांनी ठरवावा. १९७४ साली सेठ गोविंददास गेले आणि जबलपूरची लोकसभेची जागा रिकामी झाली. तिथे सगळ्या विरोधकांच्या वतीनं एका विद्यार्थी नेत्याला ‘जनता उमेदवार’ म्हणून उभं केलं आणि तो निवडून आला. प्रयोग जमला, आणि गाडं पुढे तिथेच अडकलं. कारण १९७७ला लोकउमेदवाराऐवजी एक अख्खा पक्ष तयार झाला आणि १९७९ला तो फुटला. ज्यांनी घराघरात जाऊन ‘आमच्यावर विश्वास ठेवा’ म्हटलं होतं, त्यांना त्याच घरांत पुन्हा जावं लागलं. महाराष्ट्रातल्या कार्यकर्त्यांच्या एका पिढीनं तेव्हा कानाला खडा लावला : मत मागायचं, पण जामीन राहायचं नाही.

पुढची दहा-पंधरा वर्षं बिगरपक्षीय राजकारणाची. धरणग्रस्त, देवदासी, एक गाव एक पाणवठा, नामांतर. कामं मोठी झाली. निवडणूक आली की मात्र ‘आम्ही त्या भानगडीत नाही’ असं म्हणण्याची रीत पडली. शेतकऱ्यांच्या एका नेत्यानं तर मतं मागायला आलो तर जोड्यानं मारा असं सांगून ठेवलं होतं आणि नंतर स्वतःच पक्ष काढला. ऊसपट्ट्यात हा संकोच कधी फारसा नव्हताच. शिरोळला २००४मध्ये आणि हातकणंगल्याला २००९मध्ये ‘एक नोट, एक व्होट’ म्हणत शेतकऱ्यांनी आपल्या आंदोलनातला माणूस निवडून आणला. ज्यानं नोट दिली त्याला पुढे सभेत उभं राहून जाब विचारता येतो, हा त्यातला फायदा. शहरी पुरोगामी वर्तुळात त्याचा म्हणावा तसा अभ्यास झाला नाही. उसाचं राजकारण ‘आपलं’ नाही, असं बहुतेकांना वाटत असावं.

मग २०१४. भ्रष्टाचारविरोधी आंदोलनातून निघालेल्या नव्या पक्षानं चळवळीतल्या माणसांना उमेदवारी देऊ केली. नर्मदेच्या खोऱ्यात तीस वर्षं काढलेल्या नेत्या मेधा पाटकर ईशान्य मुंबईतून उभ्या राहिल्या. मतदारसंघ विचार करून निवडला होता. मानखुर्द, गोवंडी, मंडाळा इथे २००४-०५च्या पाडापाडीपासून घरहक्काचं आंदोलन त्यांनीच उभं केलं होतं. त्यांच्या राष्ट्रीय पातळीवरच्या समन्वय मंचापुढे प्रश्न आला : मंचानं पाठिंबा द्यायचा का? उत्तर निघालं की व्यक्तींना मोकळीक, मंच पक्षनिरपेक्ष. म्हणजे उमेदवार आपली, राबणारे आपले, आणि लेटरहेड मात्र तटस्थ.

तेव्हा यावर खूप वाद झाला आणि आजही जुने मित्र त्यावरून तुटक बोलतात. विरोधकांचं म्हणणं साधं होतं. आज एका पक्षाच्या तिकिटावर उभे राहिलो तर उद्या कोणत्याही मंत्र्याकडे शिष्टमंडळ घेऊन जाताना तो विचारणार, तुम्ही विरोधी पक्षाचे ना? बाजूनं असलेले म्हणायचे, तो तसंही विचारतोच. मला दुसऱ्या बाजूचं जास्त पटलं होतं, अजून पटतं. पण निकाल पहिल्यांच्या बाजूनं लागल्यासारखा दिसला. सुमारे ७६ हजार मतं, तिसरा क्रमांक, अनामत जप्त. भाजपचा उमेदवार तीन लाखांहून जास्त मतांनी विजयी. मुलुंड-घाटकोपरच्या सोसायट्यांमधून आलेले स्वयंसेवक आणि मंडाळ्याच्या बायका एकाच टेबलावर मतदार चिठ्ठ्या लिहायच्या, ते चित्र छान होतं, पण चिठ्ठ्या लिहून बूथ उभे राहत नाहीत. मार्च २०१५च्या अखेरीस त्या नव्या पक्षात फूट पडली, पाटकरांनी राजीनामा दिला आणि ‘बघा, सांगितलं होतं’ म्हणणाऱ्यांना आयतं कोलीत मिळालं.

आता त्या वाक्याकडे. ‘पराभव करू शकणारा उमेदवार’ हे शब्द २०१९च्या लोकसभेच्या वेळी घट्ट झाले, आणि त्यांनी महाराष्ट्रात जेवढं मन दुखावलं तेवढं एखाद्या शिवीनं दुखावलं नसतं. त्या वर्षी वंचित बहुजन आघाडी आणि तिचा हैदराबादचा मित्रपक्ष यांनी मिळून चाळीस लाखांच्या वर मतं घेतली. जागा एकच आली, औरंगाबादची. नांदेडला काँग्रेस सुमारे ४० हजारांनी हरली आणि वंचितला दीड लाखाच्या वर मतं होती. सोलापूरला पराभवाचा फरक १ लाख ५८ हजार, वंचितच्या नेत्याची मतं १ लाख ७० हजार. या आकड्यांवरून ‘भाजपची बी टीम’ या शब्दाला जोर आला आणि पत्रकं काढणारी मंडळी तो उघड वापरत नसली तरी मान डोलवत होती.

वंचितकडून आलेला प्रतिप्रश्न मात्र कुणी नीट ऐकून घेतला नाही. कोण ‘पराभव करू शकतो’ हे ठरवणार कोण? पुण्यातल्या, मुंबईतल्या सभागृहात बसलेली पंचवीस माणसं? त्यांतली किती दलित, किती मुसलमान, किती भटके-विमुक्त? शक्यता मागच्या निवडणुकीच्या आकड्यांवरून मोजायची तर जो कधीच उभा राहिला नाही त्याची शक्यता कायम शून्यच राहणार. पुरोगामी म्हणवणाऱ्यांचं मत काँग्रेसला हक्कानं आणि आंबेडकरी मत मात्र ‘फुटलं’ तर गुन्हा, हा हिशेब कुठला? मला यातलं शेवटचं वाक्य खोडता आलेलं नाही. ‘मतविभाजन’ हा शब्द नेहमी लहान पक्षाच्या नावापुढेच लागतो, मोठ्याच्या कधी नाही. पण सोलापूर-नांदेडचे आकडेही खोडता येत नाहीत.

म्हणून वाक्यातून नाव गळलं. नाव लिहिलं की एक बाजू तुटते, न लिहिलं की दोन्ही बाजूंना आपापला अर्थ काढता येतो. २०२४ला अकोल्यात हे अगदी टोकाला गेलं. तिरंगी लढतीत भाजपचा उमेदवार ४० हजारांच्या आसपास मतांनी आला, वंचितचे नेते तिसरे राहिले, आणि अकोल्यातल्या पुरोगाम्यांनी कुणाला ‘आवाहन’ केलं होतं, हे त्यांनाच विचारलं तर दोन उत्तरं मिळतात. त्याच निवडणुकीत वंचितनं कोल्हापूर आणि नागपूरला काँग्रेसच्या उमेदवारांना नाव घेऊन पाठिंबा दिला होता. नाव घेता येतं, एवढं तरी त्यातून दिसलं.

कायद्याची एक बाजू आहे, ती बहुतेक कार्यकर्त्यांना भीतीपुरतीच माहीत असते. १९७४च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली सदर मतदारसंघाच्या खटल्यात म्हटलं की पक्षानं उमेदवारासाठी केलेला खर्च उमेदवाराच्याच खात्यात धरावा. त्याच महिन्यात सरकारनं अध्यादेश काढून पक्ष, मित्र, संस्था सगळ्यांचा खर्च बाहेर काढला. २००३मध्ये ही सूट पक्षाच्या ठरावीक नेत्यांच्या प्रवासापुरती उरली. याशिवाय १९२० साली दंडसंहितेत घातलेलं एक कलम होतं, १७१-ह. उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय त्याच्या प्रचारावर खर्च केलात तर पाचशे रुपयांपर्यंत दंड. मात्र खर्च दहा रुपयांच्या आत असेल आणि दहा दिवसांत उमेदवाराची लेखी संमती आणलीत तर माफ. १ जुलै २०२४पासून नवी न्याय संहिता आली. त्यात दंड दहा हजारांपर्यंत गेला. सवलतीची मर्यादा दहा रुपयेच ठेवली आहे. शंभर वर्षांत भाव वाढले ते फक्त दंडाचे.

२०२४च्याच एका बैठकीला मी होतो. भाड्याचा हॉल, पंखा एकच चालू, पंचवीस-तीस माणसं. मसुदा प्रोजेक्टरवर होता आणि वाद एका शब्दावर : ‘पाठिंबा’ की ‘आवाहन’. वकील म्हणाले, पाठिंबा लिहून नाव घातलं तर छपाईचा खर्च उमेदवाराच्या खात्यात जाईल, त्याची लेखी परवानगी आणा. कुणीतरी म्हणालं, दोन रुपयांची झेरॉक्स, पाच प्रती काढा, दहा रुपयांत बसतंय. हशा झाला. मागे बसलेल्या एक निवृत्त शिक्षिका, सेवादलात वाढलेल्या, त्या हसल्या नाहीत. ‘अरे, उद्या मी वाड्यात जाणार. बाई विचारणार, कुणाला देऊ? तिला हे वाक्य वाचून दाखवू का?’ कुणी बोललं नाही. मग ‘आवाहन’ राहिलं. पाऊण तास गेला होता त्यात.

एवढं असूनही २०२४च्या उन्हाळ्यात काम झालं, हे मान्य करावं लागेल. मे २०२३च्या कर्नाटक निवडणुकीत तिथल्या नागरी मंचांनी मतदारसंघ वाटून घेऊन स्वयंसेवक उतरवले होते. बेळगावकडच्या मित्रांमार्फत ती पद्धत इथे आली. फेब्रुवारीपासून गावोगावी सभा झाल्या. ९ तारखेला पुण्यात सभेला निघालेल्या वक्त्यांच्या मोटारीवर हल्ला झाला, तरी सभा झाली. ४८पैकी ३० जागा महाविकास आघाडीला मिळाल्यावर श्रेयाचं वाटप सुरू झालं आणि त्यात पत्रकवाल्यांनी आपला हिस्सा थोडा जास्तच लावला असं माझं मत. कांद्याच्या भावानं आणि आरक्षणाच्या प्रश्नानं काय केलं, ते कुणी मोजलं नाही. नोव्हेंबरात तीच माणसं, तीच संविधानाची छोटी पुस्तिका घेऊन दारात गेली. दारातल्या बायकांनी विचारलं, आमचे ‘लाडक्या बहिणी’चे पंधराशे बंद होणार का? याचं उत्तर मसुद्यात नव्हतं. महायुती २३०, महाविकास आघाडी ४६.

डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात मुख्यमंत्र्यांनी या मोहिमेतल्या काही संघटना ‘शहरी नक्षलवाद्यांच्या’ आघाडीच्या संघटना असल्याचा आरोप केला. संघटनांनी तो फेटाळला. जुलै २०२५मध्ये, संघटना बेकायदेशीर ठरवण्याचा अधिकार सरकारला देणारं जनसुरक्षा विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. त्यानंतर माझ्याकडे दोन पत्रकं आली. मजकूर ओळखीचाच, वाक्य तेच. खाली संघटनांची यादी मात्र नव्हती. कायद्यानं लागतं म्हणून मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता तेवढा होता, आणि दोन्हींवर प्रकाशक म्हणून त्या निवृत्त शिक्षिकांचं नाव होतं.