यादीत दोन एएसआयओ दिसतात, आठ माईकसाठी कोणता घ्यायचा?

गावातल्या खंजिरी भजनाचं नीट रेकॉर्डिंग करायचं म्हटलं की आठ माईक सहज लागतात. खंजिरी, पेटी, टाळ आणि मुख्य गायकाला एकेक, तबला-डग्ग्याला दोन, कोरसला दोन. आठ इनपुटचा यूएसबी इंटरफेस (माईकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारं यंत्र) जोडून रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर उघडलं की ड्रायव्हरच्या, म्हणजे यंत्राशी बोलणाऱ्या प्रोग्रामच्या, यादीत बरेचदा दोन नावं असतात: एक इंटरफेसच्या कंपनीचं, दुसरं 'एएसआयओफॉरऑल'. दोन्हींत एएसआयओ आहे म्हणून कोणतंही निवडलं जातं, आणि घोटाळा तिथेच होतो.

एएसआयओ ही स्टाइनबर्ग कंपनीनं १९९७ साली आणलेली पद्धत. विंडोजचा स्वतःचा मिक्सर बाजूला ठेवून आवाज थेट सॉफ्टवेअरपर्यंत पोहोचवायचा, हा तिचा उद्देश. कंपनीचा ड्रायव्हर नेमकं हेच करतो. त्याला यंत्राचे सगळे इनपुट आणि त्याचं क्लॉक, म्हणजे आवाजाचे नमुने कधी घ्यायचे ते ठरवणारं घड्याळ, माहीत असतं. एएसआयओफॉरऑल हा दुभाषा आहे. रीपर त्याच्याशी एएसआयओत बोलतं आणि तो पुढे विंडोजच्या नेहमीच्या, डब्ल्यूडीएम पद्धतीच्या ड्रायव्हरशी बोलतो. त्या खालच्या ड्रायव्हरनं दोनच चॅनेल दाखवले, तर यालाही दोनच दिसणार. मग खंजिरी आणि पेटी येते, तबला कुठेच नाही, आणि माणूस केबल बदलत बसतो.

एएसआयओफॉरऑलमध्ये दोन-तीन यंत्रं एकत्र जोडता येतात, म्हणून दोन स्वस्त इंटरफेस घेऊन आठ चॅनेल करायचा मोह होतो. तो टाळाच. प्रत्येक यंत्राचं क्लॉक वेगळं चालतं. दोघांत दर दहा लाख नमुन्यांमागे ५० नमुन्यांचा फरक असला, तरी तासाभरात ०.१८ सेकंदाची तफावत पडते. तबला एका यंत्रावर आणि गायक दुसऱ्यावर असेल, तर पहिला अभंग जुळतो आणि शेवटचा सुटतो. चॅनेल वाढवायचेच असतील तर एडॅट (दोन यंत्रं जोडणारी डिजिटल जोडणी) इनपुट असलेला इंटरफेस घ्या: ४८ किलोहर्ट्झला (सेकंदाला ४८ हजार नमुने) दुसऱ्या यंत्राकडून एका ऑप्टिकल केबलवरून आठ चॅनेल येतात. दोनपैकी एकाच यंत्राचं क्लॉक मुख्य ठेवा आणि दुसऱ्याला त्याच्यामागे चालायला लावा.

लॅपटॉपच्या स्वतःच्या साऊंडवर घरी बसून मिक्सिंग करायचं असेल, तर मात्र एएसआयओफॉरऑल खरंच कामाचा आहे. आवाज आला नाही तर आधी ब्राउझर बंद करा. दुसऱ्या प्रोग्रामनं साऊंड धरून ठेवलं की त्याला यंत्र मिळत नाही.

रेकॉर्डिंगसाठी कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर टाका. बऱ्याच कंपन्या आधी ड्रायव्हर आणि मग यूएसबी, असा क्रम सांगतात; तो पाळा. रीपरमध्ये कंट्रोल-पी दाबून ऑडिओखालच्या डिव्हाइसमध्ये एएसआयओ आणि कंपनीचं नाव निवडा. इनपुटची हद्द पहिल्यापासून आठव्यापर्यंत असल्याची खात्री करा. ती दोनवर अडकली असेल तर योग्य ड्रायव्हर असूनही बाकीचे सहा ट्रॅक घेता येत नाहीत.

बफर म्हणजे संगणक एका वेळी हाताळतो तो नमुन्यांचा गठ्ठा; तो मोठा असला की आवाज उशिरा येतो. तो २५६ ठेवला तर ४८ किलोहर्ट्झला ५.३ मिलिसेकंद होतात, ५१२ ला १०.७. गायकाला हेडफोनमध्ये इंटरफेसच्या डायरेक्ट मॉनिटरिंगमधूनच आवाज द्या, म्हणजे तो संगणकातून फिरून येत नाही आणि बफर बिनधास्त ५१२ किंवा १०२४ ठेवता येतो. छोट्या बफरच्या हट्टापायी मध्येच 'टक्‌' आवाज येऊन चांगला गजर वाया जाणं फार वाईट.

आठ ट्रॅक, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ म्हणजे तासाला सुमारे ४.१५ जीबी. गडचिरोलीतल्या वडशाकडचं रात्रभर चालणारं झाडीपट्टीचं नाटक सहा तास धरलं तर २५ जीबी. तेवढी जागा आधीच मोकळी करा. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वीज वाचवायला यूएसबी झोपवणारी सोय) आणि वायफाय दोन्ही बंद करा. उन्हाळ्यात लॅपटॉप सतरंजीवर ठेवू नका. खालची हवा अडली की प्रोसेसर तापून मंदावतो आणि मग ड्रायव्हर कितीही चांगला असला तरी आवाज तुटतो.