ग्रुपमध्ये कोण आहे, हे सर्व्हरला कळू न देता

मेसेजचा मजकूर लपवण्याचा प्रश्न आता बऱ्यापैकी सुटला आहे. ट्रेव्हर पेरिन आणि मॉक्सी मार्लिनस्पाइक यांनी २०१३पासून घडवलेला सिग्नल प्रोटोकॉल, म्हणजे मेसेज कुलूपबंद करून पाठवण्याची पद्धत, २०१६मध्ये व्हॉट्सअ‍ॅपनेही सगळ्या वापरकर्त्यांसाठी लागू केला. दोघांमधलं बोलणं मधल्या सर्व्हरला वाचता येत नाही, ही गोष्ट आज अब्जावधी लोकांसाठी रोजची झाली आहे. ग्रुपचं तसं नाही. ग्रुपला सदस्य असतात, अ‍ॅडमिन असतात, कुणी कुणाला घ्यायचं आणि कुणाला काढायचं याचे नियम असतात, आणि हे सगळं कुठेतरी साठवावं लागतं. ती यादी सर्व्हरवर उघडी पडून असेल, तर मजकूर कितीही पक्का बंद असो, एखाद्या कामगार संघटनेत किंवा एचआयव्हीबाधितांच्या आधारगटात नेमके कोण कोण आहेत हे ती एकटीच सांगून टाकते.

हाच प्रोटोकॉल वापरणाऱ्या सिग्नल या मेसेजिंग अ‍ॅपने गेल्या काही वर्षांत गोपनीयतेच्या आणि ग्रुपच्या ज्या सोयी आणल्या, त्यांतल्या बहुतेकांचा रोख याच यादीवर आहे. त्या वापरण्याआधी आत काय चालतं ते थोडं समजून घेतलं, तर कोणती सेटिंग खरोखर उपयोगी आणि कोणती फक्त दिलासा देणारी, हे ओळखता येतं.

सुरुवातीला सिग्नलच्या सर्व्हरला ग्रुप असा काही प्रकारच माहीत नव्हता. वीस जणांच्या ग्रुपमध्ये मेसेज टाकला, की फोन एकोणीस वेगवेगळे मेसेज पाठवायचा आणि सर्व्हरला ते साध्या खासगी मेसेजसारखेच दिसायचे. गोपनीयतेसाठी हे उत्तम होतं, वापरायला वाईट. सदस्यांची यादी प्रत्येकाच्या फोनमध्ये वेगळी असल्याने दोघांनी एकाच वेळी बदल केला तर याद्या जुळेनाशा व्हायच्या. खरी यादी कोणती हे ठरवणारं मध्यवर्ती कुणी नसल्याने अ‍ॅडमिन ही सोयच देता येत नव्हती. त्रास देणाऱ्या माणसाला ग्रुपमधून काढायचं, एवढी साधी गोष्टही शक्य नव्हती.

यावरचा तोडगा डिसेंबर २०१९मध्ये मांडला गेला. मेलिसा चेस आणि ग्रेग झावेरुखा हे मायक्रोसॉफ्ट रिसर्चचे दोन संशोधक आणि पेरिन यांनी तो तयार केला आणि २०२०च्या ऑक्टोबरात तो सगळ्यांच्या फोनवर आला. त्याचं काम असं चालतं. ग्रुप तयार करणाऱ्याच्या फोनमध्ये ३२ बाइटची एक मुख्य किल्ली तयार होते. ती सदस्यांना कूटबद्ध, म्हणजे इतरांना वाचता न येणाऱ्या, मेसेजमधून मिळते, सर्व्हरला कधीच मिळत नाही. ग्रुपचं नाव, फोटो आणि प्रत्येक सदस्याचा ओळखक्रमांक या किल्लीने कूटबद्ध करून मगच सर्व्हरवर ठेवतात. एकाच ग्रुपमध्ये एका माणसाची नोंद नेहमी सारखीच दिसते, पण त्याच माणसाची दुसऱ्या ग्रुपमधली नोंद अगदी वेगळी. त्यामुळे दोन ग्रुपांत एकच व्यक्ती आहे, हे नोंदी ताडून कळत नाही.

मग सर्व्हरला अ‍ॅडमिन ओळखू कसा येतो? इथे खरी करामत आहे. तुमचा फोन आधी स्वतःची ओळख देऊन सर्व्हरकडून एकेका दिवसापुरतं प्रमाणपत्र घेऊन ठेवतो. पुढे ग्रुपमध्ये बदल करताना तो निनावी जोडणी करतो आणि प्रमाणपत्र न दाखवता एक गणिती पुरावा देतो: माझ्याकडे वैध प्रमाणपत्र आहे, आणि त्यातला ओळखक्रमांक तुमच्या यादीतल्या चौथ्या कूटबद्ध नोंदीत दडलेला आहे. याला शून्य-ज्ञान पुरावा म्हणतात. चौथी नोंद अ‍ॅडमिनची आहे एवढं सर्व्हरला दिसतं, म्हणून तो बदल मान्य करतो. ती नोंद कुणाची, ते त्याला कळत नाही.

याचा दुसरा फायदा तितकाच मोठा आहे. मुख्य किल्लीशिवाय यादीत वैध नोंद करता येत नाही, म्हणून सर्व्हर ताब्यात घेणाऱ्यालाही गुपचूप आपला माणूस घुसवता येत नाही. जर्मनीतल्या बोखुम इथल्या रूर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८मध्ये दाखवून दिलं होतं, की व्हॉट्सअ‍ॅपचा सर्व्हर ज्याच्या हाती आहे त्याला ग्रुपमध्ये नवा सदस्य घालणं शक्य आहे. नवा सदस्य आल्याची सूचना ग्रुपमध्ये उमटते हे खरं, पण दोनशे जणांच्या ग्रुपमध्ये ती कोण वाचतो? टेलिग्रामच्या ग्रुपना तर एन्ड-टू-एन्ड एन्क्रिप्शनच, म्हणजे मधल्या सर्व्हरलाही वाचता येणार नाही असं कुलूपच, नाही. तिथे ते फक्त दोघांच्या ‘सीक्रेट चॅट’मध्ये मिळतं. टेलिग्रामवर सगळंच असं बंद असतं, हा गैरसमज आपल्याकडे फार पसरलेला आहे.

या रचनेलाही मर्यादा आहेत. जोडणी करताना फोनचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा त्याचा क्रमांक) सर्व्हरपर्यंत पोचतोच, आणि पत्ते व वेळा सतत नोंदवत बसणाऱ्याला काही अंदाज बांधता येतील. नोंदी न ठेवणं हा सिग्नल चालवणाऱ्या संस्थेचा निर्णय आहे, गणिताची हमी नाही. २०१६मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनियातून आलेल्या न्यायालयीन आदेशावर सिग्नलला एका खात्याबद्दल दोनच गोष्टी देता आल्या होत्या: खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं.

सिग्नलच्या ग्रुपमध्ये आज १००० सदस्य घेता येतात. एका मेसेजच्या ९९९ प्रती बनवणं फोनच्या बॅटरीला परवडणारं नाही. म्हणून प्रत्येक सदस्य त्या ग्रुपपुरती स्वतःची पाठवणीची किल्ली तयार करतो आणि ती बाकीच्यांना एकेकाच्या खासगी वाहिनीतून एकदाच देतो. त्यानंतर मेसेज एकदाच कूटबद्ध होतो आणि सर्व्हर तो सर्वांना वाटतो. दर मेसेजनंतर किल्ली पुढे सरकते, जुनी पुसली जाते. कुणाला ग्रुपमधून काढलं, की उरलेल्या सगळ्यांच्या किल्ल्या नव्याने बनतात, त्यामुळे गेलेल्याला पुढचं काही वाचता येत नाही. आधीचे मेसेज मात्र त्याच्या फोनवर तसेच राहतात. ते परत घेण्याचा उपाय कोणत्याही अ‍ॅपकडे नाही.

आजचे मेसेज साठवून ठेवायचे आणि उद्या आजची कुलुपं फोडू शकणारा क्वांटम संगणक आला की उघडायचे, या धोक्यावरही काम झालं आहे. सप्टेंबर २०२३मध्ये संभाषणाच्या सुरुवातीच्या किल्लीला आणि ऑक्टोबर २०२५मध्ये चालू संभाषणात बदलत राहणाऱ्या किल्ल्यांना क्वांटमविरोधी जोड देण्याचं सिग्नलने जाहीर केलं. अडचण आकाराची होती. आधीची सार्वजनिक (समोरच्याला उघडपणे पाठवायची) किल्ली ३२ बाइटची, नवी ११८४ बाइटची. ती तुकडे करून नेहमीच्या मेसेजांसोबत थोडी थोडी पाठवतात, आणि मधले काही तुकडे हरवले तरी किल्ली पुन्हा उभी राहते. ग्रुपच्या पाठवणीच्या किल्ल्या याच खासगी वाहिन्यांतून जातात, म्हणून हे संरक्षण ग्रुपलाही मिळतं. यासाठी तुम्हाला काही करावं लागत नाही, फक्त अ‍ॅप अद्ययावत ठेवायचं.

फोन नंबर झाकणं

फेब्रुवारी २०२४पर्यंत सिग्नलच्या ग्रुपमध्ये शिरलं, की तुमचा फोन नंबर प्रत्येक सदस्याला दिसत असे. अनोळखी पन्नास जणांच्या हाती बाईचा नंबर जाणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. आता ज्यांच्याकडे तो आधीच जतन केलेला आहे त्यांच्याखेरीज कुणाला तो दिसत नाही.

सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, त्यात फोन नंबर उघडा. दोन प्रश्न दिसतील. नंबर कुणाला दिसावा, याचं उत्तर मुळातच ‘कुणालाही नाही’ असं असतं. नंबरवरून मला कुणी शोधावं, याचं मात्र ‘सगळ्यांनी’ असं असतं. ते तसंच राहिलं, तर ज्याला तुमचा नंबर ठाऊक आहे त्याला तुम्ही सिग्नलवर आहात हे कळतं. तेही नको असेल तर इथेही ‘कुणीही नाही’ निवडा, पण आधी युजरनेम तयार करा. नाहीतर नवीन माणसाला तुमच्यापर्यंत पोचायला वाटच उरणार नाही.

युजरनेम प्रोफाइलमध्ये तयार होतं. त्याच्या शेवटी किमान दोन अंक हवेत. ते ग्रुपमध्ये दिसत नाही, तिथे प्रोफाइलचं नाव दिसतं. युजरनेमचा उपयोग फक्त संपर्क सुरू करून देण्यापुरता. एखाद्या कार्यक्रमापुरतं एक ठेवून नंतर बदललं, तर जुन्यावरून तुम्हाला कुणी शोधू शकत नाही, आणि आधी सुरू झालेली संभाषणं तशीच चालू राहतात. सर्व्हरवर त्याचं मूळ रूप नसतं, हॅश, म्हणजे त्यापासून गणिताने काढलेला ठसा, असतो. खातं उघडायला मात्र फोन नंबर अजूनही लागतो, म्हणून सिम दुसऱ्याच्या हाती गेलं तर खातंही जाऊ शकतं. त्यासाठी सेटिंग्जमध्ये अकाउंट उघडून ‘रजिस्ट्रेशन लॉक’ चालू करा. मग तुमच्या पिनशिवाय तो नंबर दुसऱ्या फोनवर नोंदवता येत नाही. पिन विसरलात तर सात दिवस थांबावं लागेल.

ग्रुप उघडण्याआधी

ग्रुपच्या सेटिंग्जमध्ये परवानग्या तीन: सदस्य कोण घेणार, ग्रुपची माहिती कोण बदलणार आणि मेसेज कोण टाकणार. पहिल्या दोन अ‍ॅडमिनकडेच ठेवाव्यात. मेसेज गायब होण्याचा कालावधीही ‘माहिती’मध्येच येतो, ती परवानगी सर्वांना दिली तर कुणीही तो बंद करू शकतो. अ‍ॅडमिन किमान दोन असावेत. एकट्या अ‍ॅडमिनचं खातं गेलं तर ग्रुप चालू राहतो, पण कुणाला काढायची सोय संपते.

ग्रुपची लिंक हा वेगळा विषय आहे. या लिंकमध्ये # चिन्हानंतर ग्रुपची मुख्य किल्ली आणि प्रवेशाचा पासवर्ड असतो. ब्राउझर # नंतरचा भाग वेबसाइटकडे पाठवत नाही, म्हणून सर्व्हरला तो कळत नाही. पण लिंक हाती असलेल्या माणसाला आत यायला आणखी काही लागत नाही. लिंक कागदावर छापणार असाल किंवा दुसऱ्या अ‍ॅपवर टाकणार असाल, तर नव्या सदस्याला अ‍ॅडमिनची मंजुरी लागेल असं बटण आधी चालू करा. काम झालं की लिंक रीसेट करा. त्याने पासवर्ड बदलतो आणि फिरत राहिलेल्या जुन्या लिंका निकामी होतात.

गणित बरोबर असतानाही

मार्च २०२५मध्ये अमेरिकेचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार माइक वॉल्ट्झ यांनी येमेनमधल्या हल्ल्यांच्या चर्चेसाठी केलेल्या सिग्नल ग्रुपमध्ये ‘द अटलांटिक’चे संपादक जेफ्री गोल्डबर्ग चुकून घेतले गेले. सदस्यांच्या यादीत ते ‘जेजी’ अशा आद्याक्षरांनी दिसत होते आणि हा कोण असा प्रश्न कुणी विचारला नाही. काही मेसेजना आठवड्याचा, काहींना चार आठवड्यांचा कालावधी लावलेला होता, तरी स्क्रीनशॉट छापून आले. एन्क्रिप्शनने आपलं काम चोख केलं होतं. ज्याला सदस्य केलं, त्याच्यापर्यंत मजकूर नीट पोचवला.

म्हणून महत्त्वाच्या ग्रुपमध्ये पूर्ण नाव लावण्याचा नियम करावा, आणि प्रत्येक सदस्य कुणीतरी प्रत्यक्ष ओळखून घ्यावा. त्यासाठी सुरक्षा क्रमांक आहे: ६० अंकांचा, दोघांच्या फोनवर सारखाच दिसणारा. भेटीत क्यूआर कोड स्कॅन करून किंवा ओळखीच्या आवाजाच्या कॉलवर अंक वाचून तो पडताळता येतो. एकाच नावाचे दोघे असतील तर आपल्यापुरतं टोपणनाव आणि टीप लिहिण्याची सोयही २०२४पासून आहे. ती इतरांना दिसत नाही.

फेब्रुवारी २०२५मध्ये गुगलच्या सुरक्षा संशोधकांनी आणखी एक प्रकार उघड केला. रशियाशी संबंधित हॅकर युक्रेनमधल्या लोकांना ग्रुपच्या निमंत्रणासारखं हुबेहूब दिसणारं पान पाठवत होते. त्यावरचं बटण ग्रुप न उघडता ‘नवं उपकरण जोडा’ ही क्रिया सुरू करायचं. होकार दिला की हल्लेखोराचा संगणक खात्याला जोडला जायचा आणि पुढचा प्रत्येक मेसेज त्यालाही मिळायचा. कुठलंही कुलूप फोडावं लागलं नाही. ग्रुपमध्ये येण्यासाठी उपकरण जोडावं लागत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. महिन्यातून एकदा सेटिंग्जमधली ‘लिंक्ड डिव्हायसेस’ची यादी पाहा, आणि ओळखू न येणारं उपकरण तिथेच काढून टाका.

गायब होणाऱ्या मेसेजचा कालावधी जास्तीत जास्त चार आठवड्यांपर्यंत ठेवता येतो. घड्याळ पाठवणाऱ्याकडे पाठवल्याक्षणी सुरू होतं, घेणाऱ्याकडे वाचल्यावर. वाचलाच नाही तर त्याच्या फोनवर मेसेज तसाच राहतो. फोनच्या नोटिफिकेशनमध्ये मजकूर दिसू दिला, तर अ‍ॅपमधून गेलेला मेसेज नोटिफिकेशनच्या इतिहासात उरू शकतो. सिग्नलच्या सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्समध्ये जाऊन ‘नाव किंवा मेसेज नको’ हा पर्याय निवडला की ही फट बुजते. व्हॉट्सअ‍ॅपने एप्रिल २०२५मध्ये आणलेली ‘अ‍ॅडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी’ चॅट बाहेर काढणं, फोटो आपोआप डाउनलोड होणं आणि एआयसाठी मेसेज वापरणं थांबवते. ती चालू जरूर करावी, पण स्क्रीनशॉट तिनेही थांबत नाही.

सप्टेंबर २०२५पासून सिग्नलमध्ये कूटबद्ध बॅकअपची सोय आली आहे, आणि ती ज्याची त्याने निवडायची आहे. तुम्ही बॅकअप घेतला नाही तरी ग्रुपमधल्या दुसऱ्याने घेतला, तर तुमचे मेसेज त्याच्या बॅकअपमध्ये जातात. २४ तासांच्या आत गायब होणारे मेसेज आणि एकदाच पाहता येणारे फोटो त्यातून वगळलेले असतात. बॅकअप उघडायला ६४ अक्षरांची किल्ली लागते. ती कागदावर लिहून ठेवा, त्याच फोनमध्ये नको. हरवली तर सिग्नलकडे तिची प्रत नसते.