खोक्यावरची बारा जीबी रॅम

गेल्या पावसाळ्यात भाच्यानं परभणीतून फोन आणला. ‘मामा, बारा जीबी रॅमचाय!’ सोयाबीनच्या रानात उभा राहून तो ई-पीक पाहणी करायला लागला. गट नंबर टाकला, क्षेत्र भरलं, फोटोसाठी कॅमेरा उघडला आणि परत आला तर फॉर्म कोरा. तीनदा तेच. घरी येऊन खोकं पाहिलं, तर १२ च्या शेजारी चांदणी आणि तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत ‘४+८’.

स्टोरेज सगळ्यांना कळतं. फोटो, व्हिडिओ, अ‍ॅप; फोन बंद केला तरी जागच्या जागी. ती कणगी. रॅम म्हणजे खळं. चालू काम तिथं पसरतं, फोन बंद झाला की झाडून साफ. खळं लहान असलं की नवी रास टाकायला जुनी उचलावी लागते. कॅमेऱ्याला जागा हवी म्हणून अँड्रॉइडनं मागचं अ‍ॅप बंद केलं, त्यात फॉर्म गेला. दोन्हींना सरसकट ‘मेमरी’ म्हणणं आधी सोडा, निम्मा घोळ त्या शब्दानंच होतो.

उरलेला घोळ त्या ‘+८’चा. ती रॅम नाहीच. १२८ जीबी स्टोरेजमधले ८ जीबी कापून रॅमच्या नावावर दाखवलेत, म्हणजे कणगीत मळणी. वापरात नसलेली अ‍ॅप तिथं सरकवून ठेवता येतात, एवढाच उपयोग. चालू काम तिथून होत नाही, कारण वेग. स्वस्त फोनातलं ईएमएमसी ५.१ स्टोरेज कागदावरसुद्धा सेकंदाला फार तर ४०० एमबी देतं. एलपीडीडीआर४एक्स रॅम १७ जीबीपर्यंत जाते. चाळीसपटीहून जास्त! दुकानदार दोन्हींची बेरीज करून सांगतो तेव्हा मला खरंच राग येतो, कारण समोरचा माणूस सोयाबीनच्या पट्टीचे पैसे मोजत असतो.

दुकानातच सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’ उघडा. अधिकचं चिन्ह दिसलं तर पहिलाच आकडा खरा. सहाच्या खाली मी कुणाला घेऊ देत नाही. ८+१२८ आणि ६+२५६ एकाच भावात असतील तर डोळे झाकून पहिला. (इथं मात्र दुसरा आकडा स्टोरेजचा, तो खराच असतो.) कणगी भरली तर फोटो पेनड्राइव्हवर काढता येतात, खाच असेल तर कार्ड टाकता येतं. रॅम बोर्डावर कायमची बसवलेली असते. मेमरी कार्ड टाकून तीही वाढेल म्हणून भाच्यानं आणलेलं कार्ड अजून पाकिटातच आहे.