बायोडाटा टाइप करायला देण्याआधी
कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या औद्योगिक वसाहतींत नोकरी बघणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म सगळं होतं, पण सकाळची गर्दी असते ती बायोडाटावाल्यांची. त्यातले बरेच जण मित्राचा बायोडाटा मोबाइलवर घेऊन येतात आणि सांगतात, "यातलं फक्त नाव बदला." नाव बदलायला आम्हाला दोन मिनिटं लागतात. पण एकाच आयटीआयच्या एकाच बॅचची मुलं एकाच कारखान्यात तोच मजकूर घेऊन गेली, तर निवड करणाऱ्यापुढे वेगळं काही येतच नाही. म्हणून टायपिंगच्या आधी थोडं बोलायला वेळ काढा. त्याचे वेगळे पैसे आम्ही घेत नाही.

कागद कोण वाचतं?

लहान फौंड्रीत किंवा मशीन शॉपमध्ये एचआरची वेगळी केबिन क्वचितच असते. अर्ज मालक बघतात, नाहीतर प्रॉडक्शन सुपरवायझर, नाहीतर अकाउंट्सच्या मॅडम. आणि तेही चलन आणि गेटपासच्या सह्या चालू असताना. त्यांना कळायला हवं की हा कुठल्या कामासाठी आलाय, त्याला नेमकं काय येतं, राहतो कुठं आणि कधीपासून येईल. हे पहिल्या पानाच्या वरच्या अर्ध्या भागात दिसलं पाहिजे. दहावीचे टक्के खाली गेले तरी चालतात.

वडिलांचा व्यवसाय, जात, उंची, रास यांची इथं गरज नाही. लग्नाचा बायोडाटाही आम्ही करतो, गणपतीच्या चित्रासकट. तो वेगळा करू.

मजकूर कसा असावा

आमच्याकडे सर्वांत जास्त येणारा अर्ज असा असतो: "उपरोक्त विषयान्वये विनंतीपूर्वक अर्ज करतो की, आपल्या नामांकित कंपनीत जागा रिक्त असल्याचे खात्रीलायकरीत्या समजले. तरी मला सेवेची संधी दिल्यास मी आपला आजन्म ऋणी राहीन." वाचायला भारदस्त आहे. पण अर्जदार टर्नर आहे की ड्रायव्हर, हे यातून कळत नाही.

त्याच माणसाशी थोडं बोलल्यावर आम्ही लिहितो ते साधारण असं:

"सीएनसी टर्निंग ऑपरेटरच्या जागेसाठी अर्ज करत आहे. शिरोलीतल्या मशीन शॉपमध्ये तीन वर्षं फॅनुक कंट्रोलच्या मशीनवर काम केलं आहे. ड्रॉइंग बघून सेटिंग करतो, ऑफसेट स्वतः देतो. प्रोग्रॅम नवीन लिहीत नाही, असलेल्या प्रोग्रॅममध्ये दुरुस्ती करतो. मायक्रोमीटर आणि बोअर गेज वापरता येतं. पेठ वडगावला राहतो, दुचाकी आहे, रात्रपाळी चालेल. नोटीस देऊन पंधरा दिवसांत रुजू होऊ शकेन."

यातलं "प्रोग्रॅम नवीन लिहीत नाही" हे वाक्य बरेच जण काढायला सांगतात. आमचं मत उलट आहे, ते राहू द्या. मशीनवर ट्रायल घेतली की काय येतं नि काय नाही ते सुपरवायझरला कळतंच. कागदावर आधीच खरं लिहिलेलं असेल, तर बाकीच्या ओळींवरही त्याचा विश्वास बसतो.

फौंड्रीत काम केलं असेल तर नुसतं "फौंड्रीचा अनुभव" लिहू नका. मोल्डिंग, कोअर शॉप, फर्नेस, फेटलिंग ही सगळी वेगळी कामं आहेत. ऑफिसच्या जागेसाठी नुसतं "टॅली येते" पुरत नाही. खरेदी-विक्रीच्या नोंदी, बँक मिळवणी, जीएसटी रिटर्नची तयारी यांतलं काय स्वतः केलंय ते लिहा.

नवीन मुलांनी अनुभव नाही म्हणून संकोचू नये. अप्रेंटिसशिप कुठं झाली, आयटीआयला कोणत्या मशीनवर जॉब केले, ते लिहायचं. मध्ये दोन वर्षं पोलीस भरतीची किंवा एमपीएससीची तयारी केली असेल तर तेही सरळ लिहा. आपल्या भागात घरोघरी कोणी ना कोणी ती करतंय. तारखा जुळत नसल्या की मात्र शंका येते.

मराठीत की इंग्रजीत?

मालक मराठी बोलणारे असतील आणि कारखाना लहान असेल तर मराठी अर्ज उत्तम. मोठ्या कंपनीला आणि पुण्याकडे पाठवायचा असेल तर इंग्रजीत करू, पण साध्या इंग्रजीत. मुलाखतीत स्वतःला बोलता येणार नाही असली भाषा आम्ही कागदावर घालत नाही.

ईमेल आणि व्हॉट्सॲप

कृतिदेव किंवा श्रीलिपीत टाइप केलेली फाइल समोरच्याकडे तो फाँट नसेल तर अगम्य अक्षरांत उघडते. म्हणून आम्ही युनिकोडमध्ये टाइप करून पीडीएफ देतो. फाइलला तुमचं नाव आणि पद असं नाव देतो. "बायोडाटा फायनल नवीन २" या नावाच्या फाइली समोरच्याकडे ढीगभर पडलेल्या असतात. ईमेलचा विषय रिकामा सोडू नका, पद आणि अनुभव तिथंच लिहा. "किंग", "किलर" असली ईमेल आयडी असेल तर नावाची नवीन काढून देऊ.

व्हॉट्सॲपवर पाठवताना चादरीवर ठेवून काढलेला कागदाचा फोटो नको, पीडीएफ डॉक्युमेंट म्हणून जोडा. सोबत दोन ओळी लिहा: नाव, पद, नंबर कोणाकडून मिळाला. नुसतं "सर जॉब आहे का" म्हटलं की उत्तर येत नाही. आणि डीपी एकदा बघून घ्या. तलवारीने केक कापतानाचा फोटो सुपरवायझरलाही दिसतो.

आधार आणि पॅनचे नंबर बायोडाटात घालू नका. आधारची प्रत मागितलीच तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार काढून देतो. नोकरीआधी डिपॉझिट मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

बँकेच्या परीक्षांचे फॉर्म

इथं पहिली छाप संगणकावर पडते आणि तो सवलत देत नाही. बँकभरतीच्या परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसच्या फॉर्मला फोटो २० ते ५० केबी आणि सही १० ते २० केबी लागते. सही पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने करा. इंग्रजी कॅपिटल अक्षरांतली सही धरत नाहीत. हस्तलिखित डिक्लरेशन उमेदवाराने स्वतःच्या हाताने इंग्रजीत लिहायचं असतं. "तुमचं अक्षर चांगलं आहे, तुम्हीच लिहा" असं कितीही म्हणालात तरी ते आम्ही लिहून देणार नाही, कारण अक्षर जुळलं नाही तर उमेदवारी तुमची जाते.

येताना काय आणायचं

मार्कलिस्ट, आयटीआय आणि अप्रेंटिसचं प्रमाणपत्र, आधीच्या कामाच्या तारखा, अलीकडचा फोटो आणि जाहिरात असेल तर ती. प्रिंट काढण्याआधी मोबाइल नंबर स्वतः मोठ्याने वाचून तपासा. पुढे नंबर किंवा पत्ता बदलला तर दुरुस्तीचे पैसे नाहीत, फक्त प्रिंटचे द्या. फाइल आमच्या कॉम्प्युटरवर राहू द्यायची नसेल तर तसं सांगा, तुमच्यासमोर डिलीट करू.