मांड्या धरतात त्या उतरताना

धनत्रयोदशीला सातपुड्यातला अस्तंभ्याचा डोंगर चढून-उतरून आलेली मंडळी पाडव्याला जिना उतरताना कठडा धरतात. विचारलं तर उत्तर ठरलेलं: चढ फार होता, लॅक्टिक अ‍ॅसिड साचलं. दोन्ही कारणं चुकीची आहेत. ते आम्ल विश्रांतीनंतर तासा-दीड तासात ओसरतं. दुखणं मात्र 24 ते 72 तासांत शिगेला पोचतं, आणि ते येतं उतारामुळे.

हिशेब करून पाहा. माणूस आणि पाठपिशवी मिळून 80 किलो. 500 मीटर उतरायचं तर 80 × 9.8 × 500, म्हणजे 3.92 लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवायला हवी. 20 सेंटिमीटरच्या पावलाला साधारण 157 ज्यूल. त्यातही आपले डोंगर बेसाल्टच्या थरांचे. कठीण थर कड्यासारखे उभे राहतात, मधले मऊ झिजतात. 'डेक्कन ट्रॅप'मधला ट्रॅप हा स्वीडिश शब्द जिन्यावरूनच आलाय. खिंडीखालच्या धोंड्यांवर एकेक पाऊल 40 सेंटिमीटर खाली पडतं आणि पावलागणिक जिरवायची ऊर्जा दुप्पट होते.

हा भार मांडीचा पुढचा स्नायू झेलतो. चढताना तो आखडत काम करतो; उतरताना जोर लावलेला असतानाच लांबत जातो. स्नायूतंतूत सार्कोमिअर नावाचे, दोन-तीन मायक्रॉनचे खण एकापुढे एक असतात. प्रत्येकात अ‍ॅक्टिन आणि मायोसिनचे धागे एकमेकांत गुंतलेले. सगळे खण सारखे भक्कम नसतात. ताण आला की सर्वांत कच्चा खण आधी लांबतो. लांबला की धाग्यांची गुंतवण कमी होते, म्हणून तो आणखी कच्चा होतो आणि एकदम ताणला जातो. बहुतेक खण पुन्हा जुळतात, काही जुळत नाहीत. शेजारची पटलं फाटतात, कॅल्शियम आत झिरपतं, सूज येते, मज्जातंतूंची टोकं हुळहुळी होतात. स्नायूतल्या इजेमुळे हे दुखतं, असं थिओडोर हफ या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाने 1902 मध्येच मांडलं होतं. उतरताना तेवढ्याच वजनाला कमी तंतू कामाला लागतात, म्हणून प्रत्येकावर ताण जास्त. आणि प्राणवायू कमी लागत असल्याने दम लागत नाही, धोका कळत नाही.

म्हणून दृष्ट काढून किंवा 'आम्ल बाहेर काढणारी' महागडी पेयं पिऊन काही होत नाही. पैसे वाया घालवू नका.

उतरण्याआधी बुटाची नाडी घोट्याशी घट्ट बांधा, नाहीतर बोटं पुढे आपटून नखं काळी पडतात. काठी आधी खालच्या धोंड्यावर टेकवा, मग पाऊल टाका. गुडघा किंचित वाकलेला ठेवा, पावलं आखूड टाका. कातळावर मुरूम पसरलेला असेल तर टाच रोवू नका, पूर्ण तळवा टेकवा. घाबरून मागे रेललात की पाय पुढे सटकतोच.

दोन आठवडे आधी एखादी टेकडी मुद्दाम उतरा. थोडी इजा होऊन भरलेला स्नायू पुढचे काही आठवडे बराच वाचतो. दुखण्याबरोबर लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली, तर मात्र वेदनाशामक गोळी न घेता त्याच दिवशी दवाखाना गाठा: फुटलेल्या स्नायूतलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन मूत्रपिंडांवर येतंय.