कचरा काढला, गाळाचं काय?

आधी-नंतरचे फोटो सध्या खूप फिरतात. डावीकडे कचऱ्याने भरलेलं तळं, उजवीकडे मोकळं पाणी आणि काठावर चिखलाने माखलेले हसरे स्वयंसेवक. मला हे फोटो मनापासून आवडतात, सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून गुडघाभर चिखलात उतरणं ही काय चेष्टा नाही. पण त्याच तळ्याचा सहा महिन्यांनंतरचा फोटो सहसा कोणी टाकत नाही, कारण तोवर पाणी बरेचदा परत पोपटी झालेलं असतं. मग भांडणं सुरू, लोकांना अक्कल नाही, परत घाण टाकली वगैरे. कधी ते खरं असतंही. पण कधी कोणी काहीच टाकलेलं नसतं, तळं स्वतःच स्वतःला खत घालत असतं.

हे जरा नीट सांगतो, कारण माझा हा आवडता विषय आहे.

प्लास्टिक दिसायला वाईट, पण शेवाळ काही प्लास्टिक खाऊन वाढत नाही, त्याला लागतो फॉस्फरस. तो सांडपाण्यातून येतो, शेतातल्या खतातून येतो, काही डिटर्जंटमधून येतो. आणि लागतो अगदी थोडा, १ ग्रॅम फॉस्फरस असला की शेवाळ साधारण ४० ग्रॅम कार्बन अंगावर चढवतं. कार्बन हवेतून मिळतो, नायट्रोजनसुद्धा काही निळीहिरवी शेवाळं (हे खरं तर बॅक्टेरिया) हवेतूनच ओढतात, फॉस्फरसची मात्र अशी सोय नाही. कॅनडात १९७३ मध्ये शास्त्रज्ञांनी २२६ नंबरच्या तळ्याच्या मधोमध पडदा लावला, दोन्ही बाजूंना कार्बन आणि नायट्रोजन घातला, फॉस्फरस मात्र एकाच बाजूला. तीच बाजू हिरवीगार झाली. वरून काढलेला तो फोटो बघितला की वेगळं काही सांगावं लागत नाही.

आता वर्षानुवर्षं आलेला हा फॉस्फरस जातो कुठे? बराचसा तळाच्या गाळात. तिथे त्याला धरून ठेवतं लोह. गाळाच्या वरच्या थरात ऑक्सिजन असला तर लोह गंजलेल्या रूपात असतं, आणि हा गंज फॉस्फेटला (म्हणजे पाण्यात असणाऱ्या फॉस्फरसच्या रूपाला) घट्ट चिकटवून ठेवतो, म्हणजे तळाला कुलूप लावल्यासारखं. पण ऑक्सिजन संपला की गाळातले बॅक्टेरिया श्वसनासाठी हा गंजच वापरायला लागतात, लोहाला एक इलेक्ट्रॉन मिळतो, ते पाण्यात विरघळतं आणि फॉस्फेट सुटतं. मॉर्टिमर नावाच्या शास्त्रज्ञाने १९४१-४२ मध्येच इंग्लंडमधल्या तळ्यांवर हे दाखवून दिलं होतं. त्यात गाळातून सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तर अजून पंचाईत, कारण तिथे तयार होणारं सल्फाइड लोहाला पकडून काळं आयर्न सल्फाइड बनवतं, म्हणजे कुलपाचं लोखंडच पळवलं. गाळ काळा का असतो त्याचं एक कारण हेच.

ऑक्सिजन का संपतो, तर उन्हाने वरचं पाणी तापून हलकं होतं, खालचं गार आणि जड राहतं आणि दोघं मिसळेनासे होतात. इथे एक गंमत आहे. ४ अंशांचं पाणी ५ अंशांवर नेलं तर घनतेत जेवढा फरक पडतो, त्याच्या पस्तीस-चाळीस पट फरक २९ वरून ३० वर जाताना पडतो. म्हणजे कोमट तळ्यात एकदोन अंशांचा फरकसुद्धा खालच्या पाण्यावर झाकण बसवायला पुरतो, मग खाली सडणारा पाला आणि मेलेलं शेवाळ उरलासुरला ऑक्सिजन खाऊन टाकतात.

म्हणून दोन तळ्यांची गोष्ट सारखी नसते. अमेरिकेतल्या लेक वॉशिंग्टनसाठी लोकांनी १९५८ मध्ये मतदान करून सांडपाणी वळवायची यंत्रणा उभी करायला लावली, १९६३ ते ६८ मध्ये ते वळवलं आणि पाणी भराभर नितळ झालं. ते तळं चांगलं खोल, तळाशी ऑक्सिजन टिकून. स्वीडनमधलं ट्रमेन उथळ, तिथे सांडपाणी थांबवूनही वर्षानुवर्षं फरक पडेना, शेवटी १९७०-७१ मध्ये वरचा गाळ यंत्राने शोषून काढला तेव्हा कुठे ते सुधारलं.

अशा वेळी कोणीतरी बाटलीतलं चमत्कारी बॅक्टेरियाचं द्रावण घेऊन येतं, किंवा मातीचे गोळे टाकायला सांगतं. टाकण्याआधी एकच विचारा, यातला फॉस्फरस जाणार कुठे? बॅक्टेरिया त्याचा नायनाट करू शकत नाहीत, मूलद्रव्य आहे ते. आणि एका रात्रीत मासे मेले की तळं कोपलं म्हणणारेही भेटतात, नाहीतर कोणीतरी विष टाकलं म्हणणारे. विष असूही शकतं, तपासावंच. पण शेवाळ दाट असेल तर ते रात्रभर ऑक्सिजन वापरतं आणि बनवत मात्र नाही, त्यामुळे पहाटे तो सगळ्यात कमी असतो. ऑक्सिजन मोजायचा असेल तर म्हणूनच उजाडायच्या आत जा, दुपारचा आकडा तुम्हाला गोड बोलून फसवेल.

आणि पाणी किती नितळ आहे एवढंच मोजायचं तर महागडी यंत्रंच हवीत असं नाही. २० सेंटीमीटरची तबकडी घ्या, चार भाग करून आलटूनपालटून काळेपांढरे रंगवा, खाली वजन बांधा, दोरीला खुणा करा. तिचा मूळ पांढरा अवतार सेक्की नावाच्या इटालियन पाद्र्याने १८६५ मध्ये समुद्रात सोडला होता, आणि १९९४ पासून तर हौशी लोक ठरवून आपापल्या तळ्यात ती सोडतात आणि आकडे एकत्र करतात. भर दुपारी, होडीच्या सावलीच्या बाजूने, गॉगल काढून तबकडी खाली सोडायची, दिसेनाशी होते ती खोली लिहायची, वर ओढताना परत दिसते ती लिहायची, दोन्हींची सरासरी काढायची. दर पंधरा दिवसांनी, त्याच जागी. पहिलं माप कचरा काढायच्या आधीचं हवं.