जवारी (तंबोऱ्याची)

जवारी : तंबोऱ्याची तार रुंद घोडीवर (तारा पेलणाऱ्या हाडाच्या पट्टीवर) क्षणोक्षणी टेकत आणि सुटत कंप पावते, तेव्हा उमटणारा भरदार, झणकारता नाद. तो मिळावा म्हणून घोडीच्या माथ्याला जो मंद बाक देतात त्यालाही जवारीच म्हणतात, आणि तो बाक घासून दुरुस्त करण्याला ‘जवारी काढणे’. सतार, सूरबहार आणि रुद्रवीणेलाही जवारी असते. तंबोऱ्यात मात्र तारेखाली सुताचा दोरा घालून ती हवी तशी जुळवता येते, आणि ध्वनिशास्त्राचे या विषयातील महत्त्वाचे काम या दोऱ्याभोवतीच फिरते.

तार जिथे छेडावी तिथे ज्या उपस्वरांचे (मूळ स्वराबरोबर उमटणाऱ्या, त्याच्या दुप्पट, तिप्पट अशा पटींतल्या स्वरांचे) निस्पंद बिंदू (तारेच्या न हलणाऱ्या जागा) येतात, ते उपस्वर नादात उमटू नयेत, असा टॉमस यंग यांचा जुना नियम. तार बरोबर मध्यावर छेडली तर दुसरा, चौथा, सहावा उपस्वर गायब व्हायला हवा. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये कलकत्त्यात केलेल्या प्रयोगांत तंबोरा आणि वीणा हा नियम सरळ मोडताना दिसल्या : जे उपस्वर नसायला हवेत तेच ठसठशीत ऐकू येत होते. कारण घोडीत आहे, हे त्यांनी तेव्हाच ओळखले. नेमकी यंत्रणा उलगडायला पुढे बरीच वर्षे गेली.

काळी एकच्या (पेटीची पहिली काळी पट्टी षड्ज धरलेल्या) मर्दानी तंबोऱ्यात जोडाची (मधल्या, षड्जाला लावलेल्या दोन तारांपैकी) तार सेकंदाला सुमारे १३८.६ वेळा कंप पावते. तारेची वाजती लांबी साधारण एक मीटर धरली, तर छेडण्याने पडलेला बाक तारेवरून जाऊन-येऊन दोन मीटरचा फेरा ७.२ मिलिसेकंदांत पुरा करतो. प्रत्येक फेऱ्यात तार घोडीवर टेकते आणि सुटते. या टेकण्यातून बारीक, उंच उपस्वर जन्मतात. पोलादी तारेला अंगचा ताठरपणा असल्याने उंच उपस्वर तारेतून किंचित जलद धावतात आणि मुख्य लहरीच्या पुढे निघतात. १९९१ मध्ये फ्रान्समधील क्लोद व्हालेत आणि सहकाऱ्यांनी दाखवले की, दोरा आणि घोडीची कड हे दोन आधार काही मिलिमीटर अंतरावर असल्याने या पुढे धावणाऱ्या लहरींना दर फेऱ्याला नवी ऊर्जा मिळत राहते. ऊर्जा अर्थातच बाहेरून येत नाही, ती खालच्या उपस्वरांकडून वर सरकते. म्हणून छेडल्यानंतर नाद नुसता विझत जात नाही. त्याचा रंग बदलत राहतो, एकेक उपस्वर पुढे येतो आणि मागे जातो.

अलीकडच्या संशोधनाचा भर संगणकावर हे सारे हुबेहूब घडवण्यावर आहे. कानपूरच्या आयआयटीतून २०१५ मध्ये सतार आणि वीणेच्या वक्र घोडीवरील तारेचे गणिती विश्लेषण प्रसिद्ध झाले. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातील मार्टेन व्हान वॉलस्टाइन आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रत्यक्ष वेळेत वाजू शकेल अशा तंबोऱ्याचे प्रारूप मांडले. अडचण टक्करीची असते. तार घोडीला आदळते तो क्षण अत्यंत छोटा. गणना ढोबळ पावलांनी केली तर प्रत्येक टक्करीत नसलेली ऊर्जा हिशेबात घुसते आणि आवाज फुटतो. म्हणून ऊर्जेचा ताळेबंद पावलागणिक जुळेल अशाच पद्धती वापराव्या लागतात. मोबाइलमधले अनेक तंबोरे या वाटेने जात नाहीत, त्यांत ध्वनिमुद्रित तुकडा पुनःपुन्हा वाजतो. पाच-दहा मिनिटे लक्ष देऊन ऐकले की ते कळते.

दोरा घालताना आधी तार दोऱ्याशिवाय पुरती सुरात आणतात. मग शिवणाच्या जाडीचा सुती किंवा रेशमी दोरा तारेखालून ओवून, तार संथपणे छेडत, दोन्ही टोके धरून केसाकेसाने पुढे-मागे सरकवतात. नाद ‘खुलतो’ ती जागा इतकी अरुंद असते की अर्ध्या मिलिमीटरने ती हुकते. प्रत्येक तारेचा व्यास, ताण आणि स्वर वेगळा, त्यामुळे प्रत्येकीचा दोरा वेगळ्या जागी बसतो. चारही दोरे एका रेषेत लावणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक. दोरा जाड झाला तर तार घोडीपासून उचललीच जाते आणि जवारी लागत नाही. दोऱ्याने स्वरही जरा हलतो, तो शेवटी घोडीपलीकडे तारेत ओवलेल्या मण्याने सुधारतात : मणी लंगोटाकडे (तारा जिथे अडकवतात त्या तळाच्या पट्टीकडे) ढकलला की स्वर चढतो. जुळल्याची खूण म्हणजे खर्जातून (खालच्या षड्जाच्या पितळी तारेतून) निघणारा गंधार. ६९.३ कंपनांच्या खर्जाचा पाचवा उपस्वर ३४६.५ येतो, तर पेटीचा तोच गंधार ३४९.२. त्यामुळे तंबोऱ्याचा गंधार ऐकून पेटी बेसूर वाटली, तर दोष कानाचा नसतो.

दोरा फिरवूनही नाद उघडत नसेल तर घोडी बघावी. रोजच्या वापराने तारेखाली खाच पडते, तार तिच्या दोन्ही कडांना घासते आणि पत्र्यासारखी चरचर येते. बाक फार सपाट असेल तर तार लांबवर टेकून राहते आणि आस (नादाची लांबण) लवकर तुटते. फार उतरता असेल तर टेकतेच थोडी, नाद ‘बंद’ होतो. दुरुस्तीसाठी तार सैल करून बाजूला घेतात, बारीक कानशीचे मोजके हात फिरवतात, पॉलिश पेपरने गुळगुळीत करतात आणि तार पूर्ण स्वराला चढवूनच ऐकतात. सैल तारेवर पारख करणे व्यर्थ, कारण घोडीवरचा दाब वेगळा असतो. घासलेले हाड परत येत नाही, म्हणून हात थोडकाच ठेवावा.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील मराठी गवयांच्या घरांत आणि शंकर गांधर्व महाविद्यालय (स्थापना १९१४), माधव संगीत महाविद्यालय (१९१८) यांसारख्या संस्थांत हे काम हवामान सांभाळून करावे लागते. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांकडे जातो, जानेवारीच्या पहाटे एक आकडी होतो, आणि पावसाळ्यात सुती दोरा दमट होऊन फुगतो. डिसेंबरात तानसेन समारोहाच्या बैठकी तानसेनच्या समाधीपाशी होतात. संध्याकाळ ते मध्यरात्र हवा दहा अंशांनी उतरली, तर पोलाद लाकडापेक्षा जास्त आकसल्याने हिशेबाप्रमाणे जोडाचा स्वर एक टक्क्याहून थोडा अधिक, म्हणजे १३८.६ वरून १४० च्या आसपास चढतो. पितळी खर्ज त्याहूनही जास्त चढते, कारण तिच्यावरचा मूळ ताण कमी असतो. म्हणून तंबोरे बैठकीआधी अर्धा-पाऊण तास मांडवात आणून ठेवावेत, खर्ज सगळ्यात शेवटी मिळवावी, आणि स्वर जागेवर आल्यावरच दोऱ्याला हात लावावा.